ब्लाझेनाचं शिंग

किती वर्षं झाली ते आता लोम्नीनमध्येही कुणाला सांगता येत नाही. चेक देशातल्या त्या लहानशा गावावर तेव्हा किल्ल्याची सावली दुपारपर्यंत पडलेली असायची. घरं सगळी लाकडाची, एकमेकांना चिकटलेली. एक ठिणगी उडाली की गाव गेलंच. म्हणून बुरुजावर पहारेकरी असे. तो दर तासाला शिंग फुंकायचा, म्हणजे खाली कळायचं, वर कुणीतरी जागं आहे. धूर दिसला तर मात्र न थांबता फुंकायचं.

एका हिवाळ्यात पहारेकरी बर्फावरून घसरून मेला. मागे राहिली बायको ब्लाझेना आणि पाच महिन्यांचा मुलगा वीत. किल्लेदार म्हणाला, "शिंग फुंकता येतं? मग राहा. एक तास चुकला तर बुरुजावरची ही खोली सोडायची." ब्लाझेनाने शिंग उचललं. तिच्या शिंगाचा आवाज डोंगरापलीकडची मेंढरंही ओळखत, असं म्हणतात.

उन्हाळ्यात वीत तापाने फणफणला. जरा डोळा लागावा तर तास भरायचा, शिंग वाजायचं आणि पोर दचकून किंचाळायचं. चार दिवस असंच. वैदूबाई म्हणाली, "ह्याला औषध नको, झोप हवी. आता पुन्हा दचकला तर माझ्या हातात काही नाही गं."

ब्लाझेना पोराला उराशी धरून गावात उतरली. भटारखान्याच्या दोरोताला म्हणाली, "एक दुपार ह्याला तुझ्याकडे निजव."

"नको बाई! माझीही तीन लेकरं आहेत. ताप घरात कशाला आणू?"

दुसरी दारातूनच म्हणाली, "शिंगच तर फुंकायचं, दगड का फोडायचेत? हळू फुंक!" आणि हसली.

सात दारं झाली. ब्लाझेना परत वर चढली. बाराचा तास भरला, तिने शिंग उचललंच नाही. जाऊ दे खोली. एक वाजला, दोन वाजले. वीत गाढ झोपला होता. कपाळावर घामाचे बारीक थेंब येऊ लागले होते. ताप उतरत होता.

तेवढ्यात तिला खिडकीतून धूर दिसला. दोरोताच्या छपरावर. बाया-बापे सगळे गवत कापायला माळावर गेलेले, घरात लहान लेकरं निजलेली.

तिने शाल काढली, वीतच्या कानांभोवती गुंडाळली. मग शिंग फुंकलं.

माळावरून माणसं धावली. दोरोताची तिन्ही लेकरं सुखरूप बाहेर निघाली, एकच छप्पर जळालं, गाव राहिलं. पण शिंग थांबेना. काळ्या हातांनी दोरोता बुरूज चढून आली. "ब्लाझेना, विझली गं आग. थांब आता."

ब्लाझेनाने क्षणभर शिंग खाली घेतलं. "थांबले तर खोली किती शांत झालीय ते ऐकू येईल," ती म्हणाली, आणि पुन्हा ओठाला लावलं. तेव्हा कुठे दोरोताने पाळण्याकडे पाहिलं.

तीन दिवस ती फुंकत होती. चौथ्या दिवशी बुरुजावर कुणीच नव्हतं, शिंग पाळण्यात होतं. तरी आवाज पहिला बर्फ पडेपर्यंत येत राहिला, असं म्हणतात.

आता किल्ल्याला छप्पर नाही, बुरूज तेवढा उभा आहे. पण लोम्नीनमध्ये कुणाचं मूल आजारी पडलं की आजही दाराला शाल बांधतात. शाल दिसली की चर्चची घंटा वाजत नाही. शेजारीण न बोलावता आत येते, कसला ताप आहे ते विचारत नाही, मूल आपल्या मांडीवर घेते. त्या आईचं नाव काहीही असो, तिला म्हणते, "नीज गं ब्लाझेना. आम्ही जाग्या आहोत."