हास्केल की प्रोलॉग

"...मग हास्केल की प्रोलॉग, सर? एकच सांगा."

बेळगुंदकर सर पाटावर बसून तांदूळ निवडत होते. तीस वर्षं तंत्रनिकेतनात प्रोग्रॅमिंग शिकवून आता ते गडहिंग्लजला एकटेच राहत.

"आधी बस तरी. चहा?"

"नको."

समोर उभा असलेला शार्दूल शिंत्रे एडिनबरोला शिकला, तिथली नोकरी सोडून परतला. गावातल्या मुलांसाठी त्यानं प्रोग्रॅमिंगचा फुकट वर्ग काढला. तीन आठवडे झाले. कुणी आलं नव्हतं. रोज पाच वाजता तो वर्ग उघडायचा, सात वाजता बंद करायचा.

"दोन्ही भाषा मला अर्धवटच येतात. एक पक्की शिकतो आणि तीच शिकवतो. पुन्हा चुकलो तर... परत जातो मी, सर."

सरांनी एक खडा बाजूला टाकला.

"हास्केलमध्ये काय आवडलं तुला?"

"फंक्शनल आहे. शुद्ध! फंक्शनला जे द्याल, त्यावरूनच उत्तर. बाहेर बघणं नाही, बाहेरच्या कशाला हात लावणं नाही."

"अगदी तुझ्यासारखी की रे."

शार्दूल हसला नाही.

"आणि प्रोलॉग?"

"ती लॉजिकची. गोष्टी कशा करायच्या ते सांगायचं नाही. काय खरं आहे तेवढं लिहायचं, मग प्रश्न विचारायचा. उत्तर ती शोधते."

"लिही मग. गावात कोण कुणाला ओळखतं ते."

शार्दूलनं लॅपटॉप उघडला. पहिली ओळ झरकन लिहिली : शार्दूल बेळगुंदकर सरांना ओळखतो.

मग बोटं थांबली. वर्गाखाली शिवणकाम करणाऱ्या बाई... त्यांचं नाव? दूध घालतो तो?

बराच वेळ गेला.

"झालं?"

"...एवढंच."

"बरं. आता विचार तिला, शार्दूलला कोण ओळखतं?"

त्यानं प्रश्न टाइप केला. पडद्यावर उत्तर आलं. फॉल्स. कुणीच नाही.

"हे चूक आहे!" शार्दूलचा आवाज चढला. "तुम्ही ओळखता मला. ते मी लिहिलं नाही, म्हणून ती नाही म्हणते. हिला सांगितलं नाही ते सगळं हिच्या लेखी खोटंच!"

"असं होय..."

सरांनी तांदळात पुन्हा बोटं फिरवली.

"मुलं का येत नाहीत रे?"

"त्यांना शिकायचंच नाहीये."

"कोण म्हणालं?"

शार्दूलनं पडद्यावरच्या 'फॉल्स'कडे पाहिलं.

"...कुणी नाही."

"विचारलंस कुणाला?"

"बोर्ड लावलाय. ऑनलाइन फॉर्म आहे."

सरांनी लॅपटॉप मिटला आणि उचलून फडताळात ठेवला.

"अशा दहा ओळी आण अजून, गावातून. मग सांगतो कुठली शिकायची ते."

"मग लॅपटॉप द्या ना."

"त्याचं काय काम? चपला घाल."