सुभेदारीणबाईंचा डावा हात

“मग शिकवायचं कुणी, बाई? ज्याला उत्तम खेळता येतं त्यानेच ना?”

शलाका उभी होती. रूथबाई खुर्चीत. बाईंचे गुडघे गेलेत, म्हणून खुर्चीवर एक जाड उशी असते.

बाई मैदानाकडे बघत राहिल्या…

लष्कराच्या कॅम्पामागे आमचं गोल्फचं मैदान आहे. छोटं आहे, पण आहे. त्याच्या कडेला सरावाची जागा. तिथले बॉल गोळा करायचे, धुवायचे, बादल्या भरून ठेवायच्या, हे काम माझं. म्हणून हे सगळं माझ्यासमोर घडलं.

रूथ रणपिसे ही या मैदानावर शिकवणारी पहिली बाई. तिच्या आधी बायकांना नवरे शिकवायचे. नवरा शिकवायचा आणि बायको रडत घरी जायची. नाहीतर सर शिकवायचे. ते लांब उभे राहून शिकवायचे, कुणी काही बोलेल म्हणून. त्यामुळे बायका शिकल्या काही नाहीत, फक्त गवत तुडवून गेल्या.

रूथबाईंनी बायकांची सकाळची बॅच सुरू केली आणि पहिला नियम केला. शिकवणं चालू असताना नवरे बांधापलीकडे.

मोठमोठे साहेब त्या बांधापलीकडे उभे राहिलेत. बाईंनी कुणाला सोडलं नाही.

आता बाई थांबणार होत्या. कमिटीने सांगितलं होतं, तुमच्या जागी कोण ते तुम्हीच सांगा, नाहीतर बॅच ढमाले सरांना देतो. ढमाले सर माणूस वाईट नाही. पण बायका समोर आल्या की त्याची मान वर होत नाही. तो बुटांना शिकवतो.

आणि शलाका जगदाळेला ती बॅच हवी होती. राज्यात पहिली आलेली पोरगी. शिकवायची परीक्षासुद्धा पास झालेली.

“बाई, मी काहीतरी विचारलं.”

“ऐकलं.”

“मग?”

“चहा घेतलास?”

“चहाचं काय मधेच!”

बाई हसल्या. मग म्हणाल्या, “स्पर्धा चांगल्या चालल्या होत्या तुझ्या. सोडल्यास कशाला?”

शलाकाने काठी जमिनीत टोचली. बॉल मारायच्या क्लबला आम्ही काठीच म्हणतो.

“लहानपणापासून मी पुरुषांत एकटी शिकले, बाई. सर पुरुष, बाजूला पोरं. कुठल्याही गावी गेले तरी तेच. शेजारी उभी राहून शिकवणारी एक बाई नाही. मला वाटलं, आपण व्हावं.”

“हं.”

“मला ही बॅच द्या. नाही दिलीत तर काठ्या विकून टाकीन आणि भावाच्या टाइल्सच्या दुकानात बसेन. खोटं सांगत नाही.”

खोटं नव्हतं. तिचा आवाजच तसा होता.

बाईंनी तिच्याकडे बघितलं. मग मान वळवून हाक मारली.

“सुभेदारीणबाई! जरा पुढे या.”

सुभेदारीणबाई म्हणजे खैरमोडे सुभेदारांची बायको. पन्नाशीची. अंगाने भरलेली, तोंडाने त्याहून. त्याच आठवड्यात यायला लागली होती. बाईंनी तिला अजून फक्त काठी धरायला शिकवलं होतं. पदर कमरेला खोचून ती पुढे आली.

“हिला एक बॉल मारायला शिकव,” बाई म्हणाल्या.

“एकच?” शलाका हसली.

“एकच. मग बघू.”

बॅचच्या बाकीच्या बायका आपापल्या काठ्या टेकवून गोल करून उभ्या राहिल्या. बांधापलीकडे सुभेदार आणि आणखी दोन-तीन नवरे माना लांब करून बघायला लागले.

“काकू, सोपं आहे,” शलाका म्हणाली.

“काकू कुणाला म्हणते गं? तुझ्या काकाला मी बघितलेलं पण नाही.”

बायका हसल्या. शलाकाही हसली. तिने बॉल ठेवला, उभी राहिली आणि मारला. काय मारला! आवाजच वेगळा. बॉल वर गेला आणि लांब जाऊन बारीक झाला.

“असं.”

“असं होय. मग माझ्या वाटचे पण तूच मार की.”

“नाही, तुम्ही मारायचा. बघा, डावा हात सरळ. तो छातीला चिकटून असा मागे न्यायचा, खांदा फिरवायचा, आणि यायचं खाली. बस्स.”

सुभेदारीणबाईंनी हात नेला. हात वाकला. काठी खाली आली.

ठप्. माती उडाली. बॉल जागेवर.

“हात वाकला तुमचा.”

दुसरा. वारा गेला, बॉल जागेवर.

“परत वाकला. सरळ ठेवा ना.”

“ठेवतेय की.”

“कुठे ठेवताय? माझ्याकडे बघा. माझा वाकतो का?”

शलाकाचा कशाला वाकेल? ती हातातल्या काठीइतकीच सडपातळ.

तिसरा. बॉल घरंगळत माझ्या बादलीपाशी आला.

शलाका त्यांच्या मागे गेली, कोपर धरलं, सरळ केलं, मागे ओढलं. सुभेदारीणबाईंच्या कपाळावर आठी आली. शलाकाने आणखी ओढलं.

“सैल सोडा! अंग का आखडताय?”

सुभेदारीणबाई गप्प. जिच्या तोंडाला सुभेदार भितो, ती बाई गप्प…

आमच्या बायका कशावरही बोलतील. सासूवर, नवऱ्यावर, मूळव्याधीवर. इथे मात्र सगळ्या आभाळाकडे बघायला लागल्या.

छाती आड येत होती. एवढंच होतं. हात सरळ जायला वाटच नव्हती. सगळ्यांना दिसत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. यात लाजायचं काय, मला आजपर्यंत कळलं नाही. गुडघा दुखतो तर सांगतो, मग हे का नाही सांगायचं?

“मन लावून करा हो जरा,” शलाका म्हणाली.

सुभेदारीणबाईंनी काठी खाली ठेवली. पदर कमरेतून काढला आणि अंगाभोवती ओढून घेतला.

“राहू दे, पोरी. हे आपल्या अंगाचं काम नाही. मी जाते घरी. दळण पडलंय.”

शलाका बाईंकडे वळली. “बघा, बाई. त्यांनाच नको असेल तर मी काय करू?”

बाई उठल्या.

बाई उठल्या की आम्हाला कळतं, काहीतरी आहे. उठायला त्यांना त्रास होतो. त्यांनी खुर्चीवरची उशी उचलली. चालत शलाकाजवळ आल्या. उशी तिच्या छातीवर ठेवली आणि स्वतःची ओढणी काढून उशीवरून, काखेखालून फिरवून, पाठीवर गाठ मारली. कचकून.

“हे काय, बाई?”

“मार.”

“अहो पण…”

“राज्यात पहिली ना तू? मार.”

बांधापलीकडे कुणीतरी खिदळलं. बाईंनी तिकडे तोंड केलं.

“काय बघताय? तिकडे बघा!”

सगळ्या नवऱ्यांनी पाठी फिरवल्या. सुभेदाराने तर सावधान असल्यासारखी फिरवली.

शलाका बॉलवर उभी राहिली. वाकून बघितलं, तर मधे उशी. हात सरळ मागे नेला, तो उशीवर अडला. कोपर वाकलं. काठी खाली आली.

ठप्. माती.

कुणी हसलं नाही अजून. तिने दुसरा बॉल ओढून घेतला. जोर लावला. वारा गेला, बॉल तिथेच.

मग मात्र हसल्या सगळ्या. मीही हसले. का खोटं सांगू?

शलाका लालबुंद झाली. “बाई, हे काय आहे? असलं काही बांधून कुणाला खेळता येईल का?”

“सुभेदारीणबाईंना विचार,” बाई म्हणाल्या. “त्या अशाच येतात.”

…

हसणं थांबलं. शलाकाने सुभेदारीणबाईंकडे बघितलं. बघितलं म्हणजे त्या सकाळी पहिल्यांदाच बघितलं.

“तुम्ही बोलला का नाहीत?” तिने हळू विचारलं.

“काय बोलू? तू हात ओढत होतीस.”

शलाका बाईंना म्हणाली, “मला हे कुणी सांगितलंच नाही. इतकी वर्षं शिकले, कुणीच नाही.”

“तुझ्या सरांनी सांगायचं होतं?”

शलाकाला बहुतेक तिचे सर डोळ्यांसमोर आले. तिला हसू आलं. ते तिने दाबलं, पण आलं.

“मग हात कुठून न्यायचा, बाई?”

“मला काय ठाऊक? उशी तुझ्या अंगावर आहे.”

आणि बाई जाऊन खुर्चीत बसल्या. उशीशिवाय. आई गं, असं म्हणत बसल्या.

शलाका उभी राहिली. हात उशीच्या खालून नेऊन बघितला. जमेना. वरून नेला. खांदा अडला. मग जरा मागे सरकली. कमरेतून जास्त वाकली, भांडी घासायला मोरीत वाकतो तशी. तेव्हा तिचे हात मोकळे खाली लोंबले. उशी राहिली अलीकडे, हात पलीकडे. डावा हात उशीच्या वरच्या कडेवरून नेला, आणि हाताला न ओढता सगळं अंगच फिरवलं.

टक्.

बॉल गेला. फार लांब नाही, पण सरळ गेला.

“हां!” सुभेदारीणबाई म्हणाल्या.

शलाका पळत त्यांच्याकडे गेली. उशी तशीच बांधलेली.

“सुभेदारीणबाई, मी चुकीचं सांगितलं. हात चिकटवायचा नाही. कमरेतून वाका. आणखी. छाती खाली, पाठ सरळ. हात नुसते लोंबू द्या. लोंबले? आता डावा हात छातीवरून न्यायचा. वरून. आणि हात ओढायचा नाही, सगळं अंगच फिरवायचं. जात्यावर बसल्यासारखं.”

हे सगळं ती मोठ्याने बोलली. छाती म्हणताना आवाज खाली आणला नाही. कुणी आभाळाकडे बघितलं नाही. उलट मागे उभ्या असलेल्या दोघी-तिघी आपापल्या काठ्या घेऊन वाकून बघायला लागल्या.

“दुखतंय का कुठे?” शलाकाने विचारलं.

“नाही गं. आता वाट आहे.”

पहिला बॉल वाकडा गेला. पण गेला.

“बघू नका तो कुठे जातो. फिरा फक्त.”

दुसरा…

टक्.

सुभेदारीणबाईंना स्वतःलाच कळलं नाही. त्या खालीच बघत होत्या, बॉल अजून तिथेच असेल म्हणून. बायका ओरडल्या तेव्हा त्यांनी वर बघितलं. बॉल पन्नास यार्डांच्या पाटीपलीकडे उड्या मारत होता.

“अगं बया!”

मग बांधाकडे वळून केवढ्याने ओरडल्या, “अहो! बघितलंत का?”

सुभेदार पाठ फिरवूनच उभा. “बाईंनी तिकडे बघा म्हणून सांगितलंय!”

“कर्म माझं! सगळा जन्म सांगितलेलं ऐकलं नाही आणि आज ऐकलं!”

बाई खुर्चीत हसत होत्या. डोळे पुसत होत्या.

“सुभेदारीणबाई, दळण?” मी विचारलं.

“पडू दे दळण. बादली आण आणखी एक.”

मी बादली दिली. शलाका त्यांच्यापाशी वाकून उभी राहिली. मग दुसरीजवळ. मग एक म्हणाली, माझं पोट मधे येतं गं, त्याचं काय करू? शलाकाने उशी खाली सरकवून पोटावर घेतली आणि स्वतः मारून बघायला लागली. ढमाले सर लांबून चालले होते, त्यांनी हे बघितलं आणि बुटांकडे बघत निघून गेले.

ऊन चढलं. बायका घरी गेल्या. सुभेदारीणबाई सुभेदारांना वाटभर सांगत गेल्या, ते इथपर्यंत ऐकू येत होतं.

शलाकाने गाठ सोडली. उशी झटकली, ओढणीची घडी केली, आणि ते बाईंपुढे ठेवलं. घामाने भिजली होती, पण तोंडावर समाधान होतं. तिने बॅचचं विचारलं नाही. काठी घेतली आणि एक बॉल ठेवला. सकाळी मारला होता तसा एक मारून घरी जावं, असं तिला वाटलं असणार.

मारला.

बॉल डावीकडे वळला आणि सरळ कडेच्या निलगिरीच्या झाडांत शिरला.

तिने काठीकडे बघितलं. दुसरा ठेवला. उभी राहिली. जरा मागे सरकली, परत पुढे आली, कमरेतून वाकली, परत सरळ झाली. स्वतःच्याच डाव्या हाताकडे बघत राहिली, जसा काही तो दुसऱ्या कुणाचा आहे.

मारला. निलगिरीत.

मी बॉल धुता धुता थांबले. एवढी मोठी खेळणारी, आणि तिला बॉलपाशी उभं कसं राहायचं ते आठवेना…

“बाई,” ती म्हणाली. आवाज अगदी बारीक झाला होता. “बाई, माझंच बिघडलं हो.”

बाईंनी उशी खुर्चीवर नीट मांडली. बसल्या.

“बरं झालं. उद्यापासून तू शिकव.”