विहिरीची साक्ष

भीमराजाने टेकडीआड कोळशाची खाण काढली आणि वर्षाच्या आत खालच्या बारीटोल्याच्या विहिरी आटल्या! गाव पानमळ्यांचं. नागवेलीला रोज पाणी लागतं. चार दिवस खाडा पडला की वेल जळालीच. दसरू बारी गाऱ्हाणं घेऊन दरबारात गेला. सोबत त्याची लेक गवरा.

"महाराज, खाणीतून चाळीस मोटा रोज पाणी उपसतात. ते आमच्या विहिरींचं पाणी आहे जी."

"पाण्यावर तुझं नाव लिहिलंय का?" राजा गरजला. "खाण माझी, खाणीतलं पाणी माझं!"

दिवाणाने री ओढली. "उन्हाळा आहे. विहिरी आटायच्याच."

"उन्हाळा काय यंदाच आला, दिवाणजी?" गवरा म्हणाली. "खाण मात्र यंदाच आली."

राजाच्या भुवया चढल्या. "पोरीची जीभ भारी चालते! साक्ष तू देणार का?"

"दिली तर मानाल जी?"

"मुळीच नाही! गावातल्या कुणाचीच मानणार नाही. तुम्ही सगळे एकमेकांचे सोयरे. साक्ष विहिरीनेच द्यावी! पंधरा दिवसांत दिली नाही, तर गाव उठवतो आणि तिथेही खाण काढतो!"

दरबार खदखदून हसला. गवरा बोटांवर काहीतरी मोजत होती.

"देईल, महाराज. अमावस्येच्या दुसऱ्या दिवशी उजाडताच आमच्या विहिरीवर या. तोवर तुमचा पहारा ठेवा. कुणी घागरी ओतल्या, असं नंतर म्हणायला नको."

दिवाण स्वतः आला. पायऱ्यांची विहीर शेवटच्या पायरीपर्यंत उतरून पाहिली. तळाला नुसती ओल! चार शिपाई बसवून तो हसत परत गेला. गाव गवरावर तुटून पडलं. "बोलून बसली बया! आता बिऱ्हाड बांधा!" गवरा मात्र रोज पहाटे उठून चंद्राची कोर किती उरली ते बघायची.

ठरल्या दिवशी राजा आला. वाकून पाहतो तो काय, विहिरीत पाणी! पाच पायऱ्या बुडालेल्या!

"कुणी ओतलं?" दिवाण शिपायांवर ओरडला.

"कुणी नाही जी! चिमणीसुद्धा उतरली नाही."

"पाऊस?"

"थेंब नाही."

राजा गवराकडे वळला. "मग हे आलं कुठून?"

"काल काय होतं, महाराज?"

"अमावस्या."

"अमावस्येला बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. आम्ही ठेवत नाही, तुमच्या खाणीतही ठेवत नाहीत. काल चाळीसही मोटा उभ्या होत्या. विहिरीला सवड मिळाली, तिने तोंड उघडलं."

"योगायोग!" दिवाण म्हणाला.

"बसा मग. तिचं बोलणं अजून संपलेलं नाही."

इतक्यात टेकडीआडून मोटांची चाकं करकरू लागली. राजा काठावर ठाण मांडून बसला. घटकाभरात एक पायरी उघडी पडली. मग दुसरी. दुपारपर्यंत पाचही कोरड्या!

"साक्ष पटली," राजा म्हणाला. "पण मोटा थांबवल्या तर खाण बुडेल. कोळसा नाही तर माझ्या लोहारांच्या भट्ट्या विझतील. आता बोल!"

"मोटा थांबवा असं कुणी म्हटलं जी? त्यांचं पाणी आज ओढ्यात वाया जातं. पाट काढून ते आमच्या मळ्यांकडे वळवा."

"ते पाणी काळं असतं, पोरी!"

"वाटेत तळं खणा. गाळ तळ्यात बसू द्या, वरचं निवळ पाणी आम्हाला द्या. खाण तुमची, कोळसा तुमचा. पाणी आमचं होतं, ते आमच्याकडे परत येईल. आणि उपसायची मेहनत तुमच्या बैलांची, ती आम्हाला फुकट!"

राजा असा हसला, की टेकडीआडचे बैल कान टवकारून थांबले.

"दिवाणजी, माझे बैल हिच्या मळ्याला राबणार आणि तेही माझ्याच हुकमाने! लिहून घ्या. तळं आणि पाट राज्याच्या खर्चाने. आणि त्या पाटावर पाटकरीण म्हणून गवरा दसरू बारी! पाणी कुणाला किती सोडायचं, ते ही सांगेल. तुम्हालासुद्धा!"