सहाजणींची गाडी

गाड्या एकमेकींशी बोलायच्या, त्या काळची गोष्ट. कबड्डी शिकवणाऱ्या सुलभाताईंच्या अंगणात घरची जुनी गाडी होती. तिच्याशेजारी त्यांच्या भावाची उघड्या टपाची, लाल, दोन सीटची नवी गाडी आली.

“आजी, घाटात दम लागत असेल ना?” लाल गाडीने विचारलं.

“लागतो. पण चढते मी,” जुनी म्हणाली.

अंतिम सामन्याच्या सकाळीच संघाची बस बंद पडली. भावाने कर्णधार रेवतीला घेतलं आणि लाल गाडी भुर्रकन निघून गेली. उरलेल्या सहाजणी जुन्या गाडीत दाटीवाटीने बसल्या. घाटात तिचं पाणी उकळलं. दोनदा थांबून तिने पाणी घेतलं. ‘या पोरींना पोचवल्याशिवाय हटायचं नाही,’ असं मनाशी ठरवून ती पहिल्या गियरवर चढत राहिली.

मैदानात पंच रेवतीला सांगत होते, “एकटीने कबड्डी होत नाही, बाळ. दहा मिनिटांत संघ आला नाही तर तुम्ही बाद.”

नवव्या मिनिटाला जुनी गाडी धापा टाकत फाटकातून आत शिरली. पोरी उतरून थेट मैदानात धावल्या.

लाल गाडी कडुलिंबाखालून मागे सरकली. “आजी, इथे सावलीत या,” ती म्हणाली. “मी उन्हात थांबते.”