सोनकीची विश्रांती

पूर्वी त्रेतायुगात, सह्याद्रीच्या मस्तकावरील एका विस्तीर्ण कातळपठारावर कृशतनू नामक वृद्ध ऋषी पत्नी सुवेणेसह राहत. यजन, जप आणि ध्यान यांत त्यांची हयात गेली. पाणी भरणे, समिधा वेचणे आणि चूल फुंकणे यांत तिची गेली. पुण्य कोणाच्या पदरी अधिक पडले, याचा निवाडा मी करीत बसत नाही.

एके प्रभाती दारी तहानलेला अतिथी आला. सुवेणा झऱ्यावर गेलेली, ऋषी जपात मग्न. अतिथीने तीनदा पाणी मागितले. ऋषींनी डोळासुद्धा उघडला नाही. आणि तो अतिथी कोण, तर प्रत्यक्ष यमधर्म!

"तृषार्ताला विन्मुख दवडणाऱ्या ब्राह्मणा, आज सूर्यास्ताला मी तुझे प्राण नेईन!" अशी शापवाणी गर्जली आणि ऋषी जागीच कोसळले.

घागर घेऊन परतलेल्या सुवेणेने यमाचे पाय धरले. तेव्हा तो म्हणाला, "साध्वी, सूर्य मावळण्यापूर्वी आपल्या हाताने शिवाला एक लक्ष पुष्पे वाहा. मग मी रिकामा परतेन."

एका दिवसात लाख फुले! आता याला दया म्हणायचे की थट्टा? पण बिचारीने टोपली उचलली.

पठारावर सोनकी फुलली होती. दातेरी पानांची, पिवळ्याधमक फुलांची. आश्रमाचा दंडक असा, की रोपावरचे शेवटचे फूल बीजासाठी राखायचे. वाकत, खुडत, कंबर धरून पुन्हा वाकत, दिवस कलताना तिने टोपली शिवलिंगापुढे रिती केली. नऊशे नव्याण्णव फुले. पठारावर उरले ते रोपागणिक एकेकच.

"मोजा एकदाचे," ती म्हणाली. "माझ्यात त्राण नाही हो."

यमाने एक फूल तळहातावर घेऊन निरखले. धर्मराजच तो, चुकीचे मोजणार कसा? "साध्वी, हे एक फूल नव्हे! कडेची प्रत्येक पाकळी स्वतंत्र फूल आहे, आणि गाभ्यात नळीसारखी इवली फुले दाटली आहेत. कडेची बारा, गाभ्यातली अठ्ठ्याऐंशी, एकात शंभर! तुला आता एकच उणे. ते दारात डोलते आहे, खूड."

"ते त्या रोपाचे शेवटचे आहे," सुवेणा म्हणाली. "माझ्या कुंकवासाठी त्याचा वंश बुडवू? नाही व्हायचे माझ्याच्याने." आणि ती मटकन बसून रडू लागली.

हे ऐकून ऋषी कण्हत उठले. "सुवेणे, जन्मभर तू उठलीस. आज मी उठतो." सरपटत जाऊन त्यांनी देव्हाऱ्यातले शिवलिंग उचलले आणि दारातल्या रोपाखाली आणून ठेवले. सुवेणेने देठ न मोडता फूल वाकवून शिवाच्या मस्तकी टेकवले. त्याच क्षणी सूर्य मावळला आणि यमाचा पाश गळून पडला.

"साध्वी, वर माग!"

"वर कसला, देवा? मी दमले आहे. मला निजू दे. आणि या सोनकीलाही; हिनेही आज फार दिले."

"तथास्तु!"

सुवेणा निजली ती दुसऱ्या दिवशी दुपारी उठली. उशाशी घागर भरलेली होती. ऋषी दुसऱ्या खेपेला गेले होते.

तेव्हापासून सोनकी फुलून झाली की देठापर्यंत वाळते, खाली मूळ तेवढे जिवंत राहते, आणि पाऊस आला की त्याच मुळातून पुन्हा वर येते. मार्गशीर्षात त्या पठारावर गेलात, तर वाळलेली काडी मेली म्हणून उपटू नका. दमून निजली आहे ती, उठेल.