नकुळांचं नाक

‘…पण उणीव काय आहे ते तरी सांगा, मास्तर.’

इनामदार मास्तर सुयोगचे कागद वाचत राहिले.

मिरजेत त्यांच्या घराच्या पडवीत रविवारी दुपारी खेळ बसायचा. मोठं टेबल, भोवती पाच-सहा जण, फासे आणि सगळ्यांनी मिळून रचलेलं एक जग. त्या जगात प्रत्येकाने एक पात्र व्हायचं. कुणी योद्धा, कुणी चोर, कुणी वैदीण. बाकी सगळं, म्हणजे डोंगर, नद्या, राजे, राक्षस, मास्तर चालवायचे. शाळेत चित्रकला शिकवून ते निवृत्त झाले होते. खेळातही त्यांना सगळे मास्तरच म्हणत. कुणी नवी जमात रचली, तर त्यांनी हो म्हटल्याशिवाय ती टेबलावर येत नसे.

सुयोग पाटणकरने जमात रचली होती. नकुळ. अंग माणसाचं, डोकं आणि शेपूट मुंगसाचं. टेकड्यांत बिळांची गावं, सापांशी पिढीजात वैर. महिनाभर त्याचे कागद मास्तरांकडे पडून होते.

चित्रं भार्गवी शेट्टेने काढली होती. ती समोरच बसली होती, पेन्सिलीला टोक काढत. सुयोग आल्यापासून तिच्याशी बोलला नव्हता.

‘नाकाचं सांग,’ मास्तर म्हणाले.

सुयोग सरसावून बसला.

‘नकुळांना खोट्याचा वास येतो. नकुळाने फासा तुमच्या हातात द्यायचा. तुम्ही आडोशामागे टाकायचा, आकडा दाखवायचा नाही. फासा चांगला पडला आणि समोरचा खोटं बोलत असला, तर वास येतो. त्यांना कुणी फसवू शकत नाही, मास्तर. अशी जमात कुणाकडे नाही.’

‘फासा वाईट पडला तर?’

‘वास येत नाही.’

‘आणि समोरचा खरं बोलत असला तर?’

‘तर…’ सुयोग थांबला. ‘तरीही वास येत नाही.’

‘हं.’

‘हं म्हणजे?’

‘म्हणजे खेळून बघू.’

मास्तरांनी पुठ्ठ्याचा आडोसा समोर उभा केला. टेबलावरची कुजबुज थांबली.

‘रखरखीत माळ. तुमचं पाणी संपलंय. दूर एक विहीर दिसते. काठावर म्हातारी बसलीय. म्हणते, प्या बाळांनो. पाणी चांगलं आहे.’

सुयोगने फासा दिला. पुठ्ठ्यामागे तो खडखडला.

‘वास नाही.’

‘म्हणजे खरं बोलतेय?’

‘वास नाही.’

सुयोगने फासा पुन्हा दिला.

‘वास नाही. म्हातारी विचारते, मला सारखा काय हुंगतोस रे?’

सगळे हसले. सुयोग हसला नाही.

‘तिला विचारतो, तुझं घर कुठे?’

‘त्या टेकडीमागे, म्हणते. वास नाही.’

‘मुलंबाळं?’

‘होती, म्हणते… वास नाही.’

‘मग इथे एकटी काय करते?’

‘पाणी देते, म्हणते. नकुळाची जीभ कोरडी पडलीय, सुयोग. काय करतोस?’

‘थांबतो. बघतो.’

भार्गवीने पेन्सिल खाली ठेवली. या प्रवासात ती वैदीण होती, नकुळाची सोबतीण.

‘माझी वैदीण पाणी पिते.’

‘थांब!’

‘प्यायले सुद्धा. गोड आहे, सुयोग. पी तू.’

सुयोगने तिच्याकडे पाहिलं. मग फासा मास्तरांपुढे धरला.

‘कुणासाठी?’

‘तिच्यासाठी.’

सोबत्यावर फासा टाकू नये असा काही नियम नव्हता. आजवर तसा कुणी टाकला नव्हता, इतकंच.

मास्तरांनी फासा घेतला. टाकला.

‘वास नाही.’

‘मग यातून कळलं काय?’ सुयोग ओरडला. ‘खरं बोलतेय की नाक चाललं नाही, कसं समजायचं?’

‘तुझी जमात आहे,’ मास्तर म्हणाले.

भार्गवी पुढे वाकली. ‘सुयोग, काय झालंय? सकाळी फोनसुद्धा घेतला नाहीस.’

‘सांगलीच्या गटाच्या टेबलावर नकुळ आलेत.’

‘काय?’

‘नाव तेच. नाक तेच. परवा कळलं मला. इथे पहिल्यांदा मांडण्याआधी ते तिकडे खेळून मोकळे झालेत. तुझी मावसबहीण सांगलीलाच असते ना? तीही खेळते ना?’

‘खेळते. पण तिला मी काही सांगितलेलं नाही.’

सुयोगचा हात हलला. त्याने फासा उचलला आणि मास्तरांपुढे धरला.

विहीर नव्हती, म्हातारी नव्हती. टेबलापलीकडे भार्गवी बसली होती, शाळेपासूनची त्याची मैत्रीण, आणि तिने आत्ताच त्याला एक गोष्ट सांगितली होती…

हे सुयोगच्या लक्षात यायला एक क्षण लागला. तोवर त्याचा हात तसाच पुढे होता.

भार्गवीचे डोळे भरले. ती उठली आणि आपली चित्रं गोळा करायला लागली. नकुळांचा मुखिया, पाठीवर पोर घेतलेली नकुळीण, बिळांचं गाव. एकेक चित्र नीट गुंडाळलं.

मास्तरांनी पुठ्ठा आडवा केला.

‘सांगलीकरांना मी सांगितलं.’

सुयोग त्यांच्याकडे बघत राहिला.

‘ते भेटायला आले होते. तुझी जमात मला आवडली होती. कौतुकाच्या भरात सगळी सांगून बसलो. आधी तुला विचारायला हवं होतं. चुकलंच माझं.’

‘तुम्ही?’

‘कागद माझ्याकडेच होते की.’

‘पण तुमच्यावर… मास्तर, माझ्या मनातसुद्धा आलं नाही.’

‘कसं येईल? फासा माझ्याच हातात देत होतास.’

भार्गवी दारात थांबली होती. तिने ते ऐकलं. बाहेर तिची स्कूटी सुरू झाली आणि आवाज लांब गेला.

त्या दिवशी पुढे खेळ झाला नाही.

सुयोगने रात्री फोन केला, तिने उचलला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. शेवटी तो तिच्या घरी गेला. तिच्या आईने चहा दिला, घरच्यांची चौकशी केली. त्यांना काहीच माहीत नव्हतं, हे बघून त्याला आणखी कसंतरी झालं.

भार्गवी बाहेर आली. पंख्याखाली उभी राहिली.

‘चुकलो,’ तो म्हणाला.

‘हो.’

‘तू खरं बोलत होतीस.’

‘ते तुला मास्तरांनी सांगितलं म्हणून कळलं, सुयोग. त्यांनी सांगितलं नसतं तर?’

सुयोगने चहाचा कप खाली ठेवला.

‘चित्रं आता मिळायची नाहीत,’ ती म्हणाली. ‘रविवारी मात्र येईन. खेळ माझाही आहे.’

रविवारी ती आली. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसली. सुयोगने तिच्यापुढे शेंगदाण्यांची वाटी सरकवली. तिने ती परत सरकवली नाही. एवढंच.

खेळ सुरू होण्याआधी सुयोग कागद घेऊन मास्तरांजवळ गेला. नाकाच्या परिच्छेदावर त्याने पेनाने आडव्या रेघा मारल्या होत्या, इतक्या दाबून की कागद एका जागी फाटला होता.

‘ती शक्ती काढून टाकलीय, मास्तर.’

मास्तरांनी फाटलेल्या जागेवरून अंगठा फिरवला.

‘का?’

‘त्या शक्तीमुळे काय झालं, तुम्ही बघितलंत ना? नको मला ती.’

मास्तरांनी कागद त्याच्या हातात परत दिला.

‘नव्याने लिहून आण. नाकासकट.’

‘नाकासकट?’

‘ते नकुळांचं आहे, सुयोग, तुझं नाही… त्यांच्याकडेच राहू दे.’