नव्या वायसरचा पायगुण

एका गावात वर्षानुवर्षं गोठ्यात पडून असलेली जुनी मोटार विष्णुपंत खोतांनी हौसेनं दुरुस्त करून घेतली. रंग नवा, गाद्या नव्या. ब्रेकची नळी कुणाला दिसत नाही, म्हणून ती नुसती पुसून ठेवली. तिच्या सांध्यात तेवढी एक नवी रबरी वायसर बसवली.

दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार चढला, चाकांखाली लिंबं ठेवली. तेवढ्यात वायसरच्या पाठीवर तेलाचा थेंब पडला.

"आत्याबाई," ती नळीला हळूच म्हणाली, "तुम्हाला चीर गेलीय. घाटात ब्रेक लागायचा नाही."

"मला?" नळी फणकारली. "तुझा जन्म नव्हता तेव्हापासून घाट उतरतेय मी!"

वायसर हॉर्नकडे वळली. "मामंजी, मालकांना तुमचाच आवाज ऐकू जातो. तुम्ही तरी ओरडा."

"सणासुदीला अभद्र ओरडू?" हॉर्न म्हणाला. "शुभ बोलावं, सूनबाई."

"अंगाची हळद उतरली नाही अजून, आणि तोंड बघा!" बॉनेट हसलं. वायसरनं आपला सांधा घट्ट आवळून धरला.

घाटातल्या पहिल्याच वळणावर पंतांनी ब्रेक दाबला. पेडल थेट तळाला टेकलं. आता हॉर्न ओरडू लागला, तो दरीत पडेपर्यंत ओरडतच राहिला.

खाली दगडांत पंत निपचित पडले होते. चेपलेलं बॉनेट कण्हलं, "इतकी वर्षं गोठ्यात होतो, पण धड होतो."

"पायगुण, दुसरं काय," दुभंगलेली नळी म्हणाली.

तेलानं निथळणारी वायसर आपला सांधा अजून घट्ट धरून होती.